मेंदूच्या दुखापतीनंतर तोल जातो? डोळ्यांचे व्यायाम आधी कोणते, मग कोणते

डोक्याला मार बसून दोन-तीन महिने झाले. सीटी स्कॅन ठीक आला, हातापायांत ताकद आहे, चष्म्याचा नंबरही तोच. तरी माणूस घरात भिंत धरून चालतो आणि कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या गर्दीत नेला की झोकांड्या जातात. पक्षाघातातून उठलेल्यांचंही पुष्कळदा असंच होतं. तोल सांभाळायला मेंदूला तिघांकडून खबर लागते: डोळे, आतला कान आणि पायांचे स्नायू-सांधे. दुखापतीनंतर या तिघांचा मेळ बिघडतो. तो काही अंशी, कधी पुष्कळ अंशी, व्यायामाने परत बसवता येतो.

घोळ होतो तो असा. कुणीतरी पेन्सिल नाकाशी आणण्याचा व्हिडिओ पाठवतं, रुग्ण पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटं तो करतो, दिवसभर मळमळतं, तिसऱ्या दिवशी सगळं बंद. पेन्सिलचा व्यायाम आपल्या जागी बरोबर आहे, पण त्याच्या आधीचे टप्पे गाळलेले असतात आणि मात्रा झेपेल त्याच्या कितीतरी पट घेतलेली असते. खालचा क्रम त्यासाठी आहे. तो तज्ज्ञाने तपासून दिलेल्या कार्यक्रमाच्या जोडीला वापरायचा. तपासणीशिवाय थेट टप्पा ४ वर उडी मारू नका.

टप्पा १: डोळ्यांकडे येण्याआधी चार कारणं बाजूला काढा

पहिलं कारण, मेंदूभोवती साकळणारं रक्त. वयस्कर माणसाला किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याला मार लागल्यावर काही आठवड्यांनीही हे होऊ शकतं. पहिल्या दिवशीचा स्कॅन नॉर्मल होता म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसरं, आतल्या कानातले सुटलेले खडे. डोक्याला मार बसल्यावर हे वारंवार दिसतं. ओळख सोपी: अंथरुणात कुशीवर वळताना, फळीवरचा डबा काढायला मान वर करताना खोली गरगरते आणि मिनिटाच्या आत थांबते. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा जाणकार फिजिओ रुग्णाला आडवं करून तपासतात आणि डोकं ठराविक क्रमाने फिरवून खडे जागेवर नेतात. बहुतेकांना थोड्याच बैठकांत आराम पडतो. हे न करता महिनाभर डोळ्यांचे व्यायाम करणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

तिसरं, उभं राहिल्यावर उतरणारा रक्तदाब. पाच मिनिटं आडवं राहून बीपी मोजा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर आधी त्याचा इलाज.

चौथं, गोळ्या. चक्करेसाठी मिळणाऱ्या प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिनसारख्या गोळ्या सुरुवातीचे थोडे दिवस उपयोगी पडतात. त्या महिनोन्महिने चालू राहिल्या की मेंदू नव्याने जुळवून घेण्याचं काम मंदावतं, शिवाय झोपाळलेपणा येतो. मेडिकलवाल्याकडून जुन्याच चिठ्ठीवर आणत राहू नका. स्वतःहून बंदही करू नका, विशेषतः आकडीच्या गोळ्या चालू असतील तर. डॉक्टरांना सगळी पाकिटं दाखवा.

> थांबा: वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, नव्याने एकाचं दोन दिसणं, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, गुंगी, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, आकडी, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव. यातलं एकही दिसलं तर व्यायाम बाजूला ठेवून १०८ ला फोन करा, नाहीतर सीपीआर या सरकारी किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

टप्पा २: डोळ्यांची तपासणी नेमकी काय मागायची

‘नंबर तपासा’ एवढंच सांगितलं तर नंबरच तपासला जातो. ६/६ दिसतं याचा अर्थ एवढाच की स्थिर बसलेल्या माणसाला स्थिर अक्षर वाचता आलं. डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनचा रिपोर्ट बरोबर न्या आणि मेंदूला मार लागल्यापासून तोल जातो, हे पहिल्या वाक्यात सांगा. मग या गोष्टी पाहायला सांगा: दोन्ही डोळ्यांची सगळ्या दिशांची हालचाल, दोन्ही डोळे नाकाकडे कुठवर एकत्र वळतात, जवळ-लांब फोकस बदलायला किती वेळ लागतो, बाजूचं किती दिसतं, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी.

डोळे नाकाकडे वळण्याचा अंदाज घरीही घेता येतो. जवळचा चष्मा असेल तर घालून, बारीक अक्षर लिहिलेला कागद नाकाच्या रेषेत हळू जवळ आणा. अक्षर साधारण ५-६ सेंटिमीटरपर्यंत एकच दिसायला हवं. १० सेंटिमीटरच्या बाहेरच त्याची दोन झाली, तर ही क्षमता कमी पडते आहे. आकडा लिहून ठेवा, महिन्याने तुलना करता येईल.

दुहेरी दिसत असेल तर एक डोळा झाका. झाकल्यावर एकच दिसलं, तर दोष दोन डोळ्यांच्या मेळात. एक डोळा झाकूनही दोनच दिसत असतील, तर कारण वेगळं आणि हे व्यायाम त्यावर नाहीत. आणखी एक खूण घरच्यांच्या नजरेतून सुटते. जिना उतरताना किंवा ताटात पाहताना वस्तू एकावर एक अशा दोन दिसतात आणि रुग्ण नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो. डोक्याला मार लागल्यावर डोळा फिरवणाऱ्या एका नाजूक मज्जातंतूला धक्का बसला की असं होतं. हा माणूस पायऱ्यांवर पडतो, सपाटीवर नाही. घरचे मात्र ‘मान सरळ ठेव’ म्हणून ओरडत राहतात. मान सरळ केली की पायरी दोन दिसते, म्हणून तर तो ती वाकडी ठेवतो. अशा वेळी डॉक्टर चष्म्याच्या काचेवर चिकटवायचं तात्पुरतं प्रिझम, म्हणजे प्रतिमा सरकवून दोनाचं एक करणारी पट्टी, देऊ शकतात. शस्त्रक्रियेचा विचार सहसा सहाएक महिने वाट पाहून, डोळ्याची स्थिती ठरल्यावर करतात.

प्रिझमबद्दल एक स्पष्ट मत: दुहेरी दिसण्यावर ते उत्तम साधन आहे. तोल सुधारतो म्हणून दुहेरी न दिसणाऱ्यालाही सरसकट दिलं जाणारं महागडं प्रिझम-पॅकेज वेगळी गोष्ट, त्यामागचा पुरावा तुटपुंजा आहे. पैसे मोजण्याआधी दुसरं मत घ्या.

टप्पा ३: चष्मा, खोली आणि वही

चालताना आणि उभ्याने व्यायाम करताना एकाच नंबरचा, लांबचा चष्मा हवा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेतून खाली पाहिलं की पाऊल आणि पायरी धूसर दिसते, आणि प्रोग्रेसिव्हच्या कडेला तर मान वळवताच चित्र हलतं. धडधाकट माणसाचा मेंदू हे सांभाळून घेतो, दुखावलेल्याला ते जमत नाही. वाचायचा चष्मा वेगळा ठेवा.

घरात काळा गॉगल लावू नका. उजेड टोचतो म्हणून दिवसभर अंधारात राहिलं की डोळ्यांना उजेडाची सवय आणखी तुटते. दारं-खिडक्या बंद करून आठवडेच्या आठवडे पडून राहणं हेही तसंच. सौम्य मारानंतर पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग झेपेल तशी हालचाल, हा आजचा सल्ला आहे.

एका डोळ्यावर पट्टी बांधून वावरणंही धोक्याचं: एका बाजूचं दिसत नाही आणि वस्तू किती लांब आहे याचा अंदाज जातो. पट्टी डॉक्टरांनी सांगितली तर तेवढ्याच वेळेपुरती.

जागा म्हणून खोलीचा मोकळा कोपरा निवडा. पाठीमागे दोन भिंती, समोर न सरकणारी खुर्ची. समोरची भिंत साधी हवी. फुलाफुलांचा पडदा, फिरता पंखा आणि त्याची सावली नजरेत नको. पायात कोल्हापुरी नको, तिचा कातडी तळ फरशीवर, त्यातून ओल्या फरशीवर, सरकतो. अनवाणी किंवा मागून बंद असलेला घट्ट बूट.

वहीत तीन आकडे लिहा: व्यायामाआधी चक्कर-मळमळ ० ते १० पैकी किती, संपल्याबरोबर किती, वीस मिनिटांनी किती. मात्रा ठरवायचा सगळा आधार हाच. व्यायामाने त्रास दोन अंकांपर्यंत वाढणं अपेक्षित आहे, अजिबात वाढला नाही तर व्यायाम फार सोपा. दोनपेक्षा जास्त वाढला, किंवा वीस मिनिटांनी मूळ जागी आला नाही, तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करा. आपल्याकडे तालमीचा संस्कार मोठा, अंग मोडून आलं की जोर लागले असं मानायची सवय. इथे ती उलटते. दिवसभर चक्कर ठेवणाऱ्या व्यायामातून मेंदू एवढंच शिकतो की मान हलवायची नाही.

टप्पा ४: बसून, मान स्थिर, डोळे हलते

पाठ टेकून बसा, पाय जमिनीला टेकलेले.

१. *उडी नजर.* हातभर अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला दोन अक्षरं चिकटवा, एकमेकांपासून साधारण ४० सेंटिमीटर. डोकं न हलवता एकावरून दुसऱ्यावर नजर टाका, दर सेकंदाला एक. मोबाईलवर मेट्रोनोम (ठेका देणारं ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. ३० सेकंद, मग विसावा, असं दोनदा. मग अक्षरं वर-खाली लावून तेच.

२. *पाठलाग.* सोबतच्या माणसाने पेनाचं टोपण हातभर अंतरावर हळू आडवं, उभं आणि तिरपं न्यायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-पाच सेकंदांत. नजर धक्के खात गेली तर वेग कमी करा. ३० सेकंद पुरे.

इथली नेहमीची चूक म्हणजे डोक्याने चोरी करणं. रुग्णाला वाटतं डोळे फिरताहेत, प्रत्यक्षात हनुवटी फिरते. सोबतच्या माणसाने हनुवटीखाली बोट धरावं, बोटाला घासली की कळतं.

> तपासा: दिवसातून दोनदा, सलग तीन दिवस केल्यावर त्रास दोन अंकांच्या आत राहिला, तरच पुढे.

*अर्धी बाजू न दिसणाऱ्यांसाठी* हा टप्पा वेगळा चालतो. पक्षाघातानंतर डावीकडचं किंवा उजवीकडचं अर्धं दृश्य गेलं असेल, तर दोन्ही अक्षरं समान अंतरावर लावू नका. एक नाकासमोर आणि दुसरं न दिसणाऱ्या बाजूला, लांबवर. नजर एका झेपेत त्या बाजूच्या टोकाला टाकायची आणि मग अक्षर शोधत आत यायचं. इंचाइंचाने पुढे सरकणारी नजर रस्त्यावर उशिरा पोहोचते. याने गेलेलं दृश्य परत येत नाही, शोधायची सवय लागते. चालताना सोबतचा माणूस न दिसणाऱ्या बाजूला असावा.

टप्पा ५: दोन डोळ्यांचा मेळ

तीन मीटर पांढरा जाड दोरा आणि लाल, पिवळा, हिरवा असे तीन मोठे मणी घ्या. गाठ न मारता सरकतील आणि सोडले की जागेवर राहतील इतक्या घट्ट भोकाचे मणी हवेत. एक टोक डोळ्यांच्या उंचीला खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं ताणून नाकाच्या शेंड्याला टेकवा. मणी अंदाजे ४० सेंटिमीटर, एक मीटर आणि अडीच मीटरवर.

मधल्या मण्याकडे पाहा. तो एकच दिसेल, बाकीचे मणी दोन-दोन दिसतील, आणि दोरे दोन होऊन बरोबर त्या मण्यात एकमेकांना छेदतील. हे दोन-दोन दिसणं बरोबर आहे. कित्येक जण इथेच घाबरून सोडून देतात. दोरे मण्याच्या अलीकडे छेदले तर डोळे जास्त वळताहेत, पलीकडे छेदले तर कमी. दोरा एकच दिसला तर एका डोळ्याचं चित्र मेंदू दाबून टाकतो आहे. तसं सतत होत असेल तर रेटू नका, डोळे तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टला सांगा.

छेद जागेवर आला की पाच सेकंद धरा, मग पुढचा मणी, मग लांबचा, परत जवळचा. अशा पाच फेऱ्या. आठवड्याला जवळचा मणी दोन-तीन सेंटिमीटर आत आणा.

पेन्सिलचा प्रसिद्ध व्यायाम या टप्प्यातला. अक्षर दोन होईपर्यंत जवळ आणायचं, एक करायचा प्रयत्न करायचा, मग लांब न्यायचं, दहा वेळा. अमेरिकेत मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, निव्वळ घरच्या पेन्सिल व्यायामापेक्षा थेरपिस्टसमोरच्या बैठका अधिक घरचा सराव याने १२ आठवड्यांत बराच जास्त फरक पडला. ती मुलं मेंदूच्या दुखापतीची नव्हती, पण धडा घेण्याजोगा आहे: पंधरा दिवसांतून एकदा तरी कुणी जाणत्याने पाहिलं पाहिजे.

टप्पा ६: नजर ठाम, मान हलती

तोलावर सर्वात जास्त परिणाम करणारा हा टप्पा, आणि सर्वात जास्त चुकवला जाणाराही. मान हलते तेव्हा आतला कान डोळ्यांना तितकंच उलट फिरवतो, म्हणून चालताना जग हलत नाही. हा प्रतिसाद ढिला पडला की प्रत्येक पावलाला दृश्य उसळतं.

> थांबा: मानेला इजा झाली असेल, पट्टा असेल, मान फिरवताना हाताला मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांनी मान मोकळी केल्याशिवाय हा टप्पा नाही.

समोर हातभर अंतरावर एक अक्षर लावा. काही जण टिकली चिकटवतात. ती चालत नाही, कारण धूसर झाली तरी टिकली टिकलीच दिसते. अक्षर असं हवं की धूसर होताच गफलत व्हावी: ‘घ’ की ‘ध’, ‘भ’ की ‘म’, ‘थ’ की ‘य’. सोबतच्या माणसाने बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांची पाच-सहा कार्डं करावीत आणि मान हलती असताना बदलत राहावीत. रुग्णाने चूक वाचलं की वेग जास्त झाला.

१. बसून, मान ‘नाही’ म्हणतो तशी डावी-उजवी, प्रत्येक बाजूला २०-३० अंश. अक्षर स्पष्ट राहील तितक्याच वेगाने, ३० सेकंद.
२. त्रास मूळ जागी येईपर्यंत थांबा.
३. मान ‘हो’ म्हणतो तशी वर-खाली, ३० सेकंद.
४. दिवसातून तीनदा. जमलं की ३० चे ४५, मग ६० सेकंद करा. आधी वेळ वाढवा, वेग नंतर.

फिजिओ पुढे दिवसाची बेरीज बारा मिनिटांपर्यंत नेऊ शकतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन मिनिटं झाली तरी खूप.

डोळे मिटून मान हलवणं, झोपाळ्यावर बसणं, गोल फिरणं या गोष्टी या टप्प्यात करू नका. आणि मान हळूहळू, जणू डोक्यावरचं पाणी सांडू नये अशा बेताने फिरवायची सवयही सोडा. इतक्या हळू फिरवली की हा प्रतिसाद वापरावाच लागत नाही.

टप्पा ७: उभं राहून

आता कोपऱ्यात उभं राहायचं. पायांच्या चार अवस्था: जुळवलेले; एक पाऊल अर्धं पुढे; एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यापुढे, एका रेषेत; एका पायावर. प्रत्येक अवस्था दहा सेकंद टिकते का ते पाहा. साठीच्या पुढच्या माणसाला तिसरी अवस्था दहा सेकंद जमत नसेल, तर पडण्याचा धोका जास्त समजा आणि एकट्याने सराव देऊ नका.

जी अवस्था तीस सेकंद सहज टिकते तिथून सुरू करा. त्यात आधी समोरच्या अक्षरावर नजर, मग टप्पा ४ ची उडी नजर, मग टप्पा ६ ची मान, आणि शेवटी डोळे मिटून. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची: पाय बदलले तर नजर सोपी ठेवा, मान सुरू केली तर पाय आधीच्या सोप्या अवस्थेत आणा. दोन्ही एकदम बदलून पडलेले लोक पुन्हा कोपऱ्यात उभं राहायला तयार होत नाहीत, आणि ती भीती घालवायला वेगळे दोन आठवडे जातात.

डोळे मिटणं गाळू नका. दुखापतीनंतर मेंदू तोलासाठी डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त विसंबतो. म्हणून तर अंधारात किंवा गर्दीत, जिथे डोळ्यांची खबर तोकडी किंवा फसवी असते, तिथे झोक जातो. कान आणि पायांना पुन्हा कामाला लावायचं तर डोळे मधूनमधून मिटावेच लागतात. मऊ पृष्ठभाग नंतर: तीन-चार इंची दाट फोम. वाकळ घडी करून वापरायची तर खाली रबरी चटई हवीच, फरशीवर वाकळ पायाखालून सरकते.

सोबतच्या माणसाने मागे, हातभर अंतरावर, हात तयार ठेवून उभं राहायचं. दंड धरून ठेवला तर तोल तुम्ही सांभाळता, रुग्ण नाही.

टप्पा ८: चालणं, मग गर्दी

आधी घरातला पॅसेज. दोन्ही भिंतींवर कार्डं लावा आणि दर तीन पावलांनी एकदा डावीकडचं, एकदा उजवीकडचं वाचत चला. चाल वाकडी गेली किंवा थबकली तर पाच पावलांनी वाचा.

बाहेरची सुरुवात रंकाळ्यावर सकाळी लवकर, सपाट फरसबंदीवर. पाण्याकडे पाहत चालू नका, हलत्या लाटा आणि चमक ही सुरुवातीला फार जड जाते. नजर लांबच्या खांबावर ठेवा. पंधरा दिवसांनी तीच वाट संध्याकाळी.

गर्दीची तयारी घरात बसून करता येते. बाजाराचा व्हिडिओ टीव्हीवर, तीन मीटरवरून, एक मिनिट, मग दोन, मग उभं राहून. मग लक्ष्मीपुरीत दुपारी, दुकानं रिकामी असताना. महाद्वार रोड आणि अंबाबाईची रांग त्यानंतर, तीही सणावारी नको. केएमटीच्या बसमध्ये पुढे तोंड करून, खिडकीबाहेर न पाहता बसा. पंचगंगा घाट आणि जोतिबाच्या पायऱ्या शेवटी. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या घाटावर सराव अजिबात नको.

काठी सोडायची घाई करू नका. घरात सुटली तरी गर्दीत ती हातात असू द्या, लोक बाजूला होतात हाही फायदाच.

कधी परत दाखवायचं

आठवड्यातले पाच दिवस व्यायाम होऊनही चार आठवड्यांत वहीतले आकडे हलले नाहीत, तर मात्रा वाढवत बसू नका. पुन्हा टप्पा १ आणि २ ची तपासणी करून घ्या. सुटलेले खडे परत सुटतात, मायग्रेनही असाच चकवतो. ताप, जागरण किंवा प्रवास झाल्यावर एक-दोन दिवस त्रास वाढणं मात्र चालतं, त्या दिवसांत मात्रा निम्मी ठेवा.

दुचाकी हा घरोघरी वादाचा विषय होतो. दुहेरी दिसतं, अर्धी बाजू दिसत नाही किंवा आकडीचा धोका सांगितला आहे, तोवर गाडी नाही, गल्लीतल्या गल्लीतसुद्धा. बाकीच्यांनी आधी मागे बसून, हेल्मेट घालून, मान वळवत ट्रॅफिकमधून फिरून पाहावं. वीस मिनिटांनी वहीतला आकडा मूळ जागी येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गाडी चालवू का, हे त्यांनाच विचारा.